पहिल्या बाळाची वाट पाहताना: कुणी काय करायचं, कधी थांबायचं, कधी निघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघंही नोकरी करणारे, बाळ पहिलंच, नववा आठवडा चालू. तिला दिवसभर मळमळतं, स्वयंपाकघरात पाऊल ठेववत नाही. त्याला मदत करायची आहे, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही. पुढच्या सात महिन्यांत रोजच्या जगण्यात काय काय येईल, कशाची काळजी करायची नाही आणि कशासाठी लगेच घर सोडायचं, हे दोघांना आधीच समजून घ्यायचं आहे.

सगळ्यात आधी ‘काय करू ते सांग’ या वाक्याबद्दल. ते मनापासून येतं, पण त्यानं तिचं ओझं हलकं होत नाही. गोळ्या संपत आल्या हे लक्षात ठेवायचं, तपासणीची वेळ घ्यायची, मागचा रिपोर्ट शोधायचा आणि वर हे सगळं नवऱ्याला सांगायचं, म्हणजे डोक्याला लागलेलं काम तिच्याकडेच राहतं. म्हणून कामाचे तुकडे वाटू नका, अख्खी कामं वाटा. गोळ्यांचा साठा, तपासण्यांच्या तारखा आणि रिपोर्टची फाईल ही तीन कामं आजपासून पूर्णपणे त्याची. फाईलमध्ये सर्वांत वर एकच कागद ठेवा: रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, पहिल्या सोनोग्राफीवरून पक्की झालेली तारीख, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, दोघांचे फोन नंबर. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो लाल शाईनं लिहा. अशा वेळी रक्तस्राव झाला किंवा पोटाला मार लागला तर अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ न देणारं) द्यावं लागू शकतं आणि ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. रात्री तीन वाजता समोर अनोळखी डॉक्टर असतील तेव्हा हा कागद बोलतो. त्याचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये असू द्या.

आता तारखेचा घोळ. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भ राहिल्याच्या दिवसापासून नाही. त्यामुळे ‘नववा आठवडा’ म्हणतात तेव्हा गर्भाचं खरं वय साधारण दोन आठवड्यांनी कमी असतं. पाळीपासून २८० दिवस मोजले की अपेक्षित तारीख येते. सोपा हिशोब: पाळीच्या तारखेतून तीन महिने मागे जा आणि सात दिवस मिळवा. १० जानेवारीला पाळी आली असेल तर तारीख १७ ऑक्टोबर. हा हिशोब २८ दिवसांचं चक्र धरून आहे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर बीज आठवडाभर उशिरा सुटतं आणि तारीखही तेवढी पुढे जाते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून तारीख पक्की करतात, कारण या काळात सगळी बाळं जवळजवळ एकाच गतीनं वाढतात. एकदा ती ठरली की नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलायची नाही. आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून आली तर त्याचा अर्थ बाळ थोडं मोठं किंवा लहान आहे, एवढाच.

त्या नेमक्या तारखेला साधारण वीसांतलं एखादंच बाळ जन्मतं. ३७ ते ४२ आठवड्यांमध्ये केव्हाही येऊ शकतं. तेव्हा आप्तेष्टांना तारीख न सांगता पंधरवडा सांगा. तारीख उलटली की ‘अजून काही नाही?’ असे फोन सुरू होतात आणि शेवटच्या थकलेल्या दिवसांत त्यांचा फार त्रास होतो. ते फोन उचलण्याचं कामही त्याचंच.

फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, बारावा आठवडा पूर्ण होईपर्यंत. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतात ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणून ही गोळी खरं तर आधीपासून घ्यायची असते. उशीर झाला असेल तर आजपासून घ्या, मन खात बसू नका. मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर मात्रा बरीच जास्त लागते. ती डॉक्टर ठरवतात.

मळमळीकडे वळू, कारण सध्या घर तिच्याभोवती फिरतंय. ती साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बहुतेकींची १२ ते १६ आठवड्यांदरम्यान ओसरते. तुम्ही आत्ता शिखरावर आहात. उपाशी पोटी ती वाढते, आणि पोट गच्च भरलं तरी वाढते, म्हणून पोट कधी पूर्ण रिकामं नको आणि कधी पूर्ण भरलेलं नको. उशाशी कोरडं बिस्किट किंवा तसंच काही ठेवा. डोळे उघडल्यावर पडल्या पडल्या दोन-तीन घास खायचे, पंधरा-वीस मिनिटं तसंच पडून राहायचं आणि मग हळू उठायचं. पुढे दर दोन तासांनी मूठभर खाणं. पाणी जेवणासोबत नको, दोन खाण्यांच्या मध्ये घोट घोट. गरम अन्नाची वाफ वास घेऊन येते म्हणून ते नको होतं. तेच गार झाल्यावर चालून जातं. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नका. पोटातल्या आम्लानं दातांचं वरचं आवरण त्या वेळी मऊ पडलेलं असतं आणि ब्रशनं झिजतं. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरायची आणि अर्ध्या-पाऊण तासानं ब्रश. लोहाची गोळी मळमळ वाढवत असेल तर ती काही आठवडे पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बी-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाईन यांचं मिश्रण या त्रासासाठी बरीच वर्षं वापरात आहे. ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणत सोसत बसण्यात काही मोठेपणा नाही, औषध मागून घ्या.

या काळात स्वयंपाकघर त्याचं. नुसतं ‘मी करतो’ म्हणून भागत नाही. फोडणी द्यायची ती दार लावून, खिडकी उघडून. कचरा रोज रात्री बाहेर. फ्रिजमधलं शिळं तिच्या नाकाआधी त्यानं शोधायचं. परफ्युम आणि वासाचा साबण काही महिने बंद. आणि तिला आज हवासा वाटलेला पदार्थ उद्या समोर आणल्यावर नकोसा झाला तर रुसायचं नाही. डोहाळे असेच असतात.

मात्र मळमळीची एक हद्द आहे. २४ तासांत काहीच पोटात टिकत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा ती गडद पिवळी होत असेल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, किंवा वजन मूळच्या पाच टक्क्यांनी उतरलं असेल (६० किलोच्या बाईचं ३ किलो), तर सलाईनची गरज लागू शकते. ही साधी मळमळ नव्हे. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी लघवीनंतर वजन करून फाईलमध्ये लिहा, म्हणजे अंदाजानं बोलावं लागणार नाही.

दुसऱ्या तिमाहीत बरं वाटायला लागतं आणि लोहाच्या गोळ्या जोमानं सुरू होतात. लोह रिकाम्या पोटी, आंबट फळाच्या रसाबरोबर चांगलं शोषलं जातं. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी त्याला अडवतात, म्हणून त्यांच्यात दोन तासांचं अंतर हवं. सगळ्या गोळ्या एकदमच नाश्त्यानंतर चहाबरोबर घेतल्या जातात आणि मग दोन महिन्यांनी ‘हिमोग्लोबिन का वाढत नाही’ हा प्रश्न येतो. सोय अशी: कॅल्शियम दोन्ही जेवणांनंतर, लोह झोपताना. शी काळी होईल, ते लोहामुळे, घाबरू नका. बद्धकोष्ठ इतकं झालं की गोळीच बंद करावीशी वाटली, तर परस्पर बंद न करता एक दिवसाआड घेता येईल का ते विचारा.

तपासण्यांच्या तीन खिडक्या चुकवायच्या नाहीत: ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या दरम्यानची सोनोग्राफी, १८ ते २२ आठवड्यांमधली अवयवांची सविस्तर सोनोग्राफी, आणि २४ ते २८ आठवड्यांमधली साखरेची तपासणी. तिन्ही आजच कॅलेंडरवर टाका. सविस्तर सोनोग्राफीला दोघांनी जा. तपासणारे डॉक्टर बराच वेळ गप्प राहून पडद्याकडे बघत असतात आणि त्या शांततेत आईबाबांच्या छातीत धडधड होते. ती शांतता बहुतेक वेळा मोजमापाची असते. बाळ पाठ करून बसलं असेल तर ‘थोडं फिरून या’ असंही सांगतात. रिपोर्टमध्ये ‘वार (म्हणजे प्लॅसेंटा, बाळाला नाळेतून पोसणारा अवयव) खाली आहे’ असं लिहिलं असेल तर तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे ताणला जातो आणि वार बहुतेकींची आपोआप वर सरकते. ३२ आठवड्यांच्या आसपास पुन्हा बघतात. तोवर अंगावर लाल गेलं तर लगेच कळवायचं आणि शारीरिक संबंध ठेवायचे की नाही ते डॉक्टरांना विचारायचं. एरवी गर्भारपण सुरळीत असेल तर संबंधांनी बाळाला धक्का पोहोचत नाही. हा प्रश्न जोडपी मनातच ठेवतात आणि उगाच एकमेकांपासून लांब राहतात, म्हणून इथे लिहिला.

शरीर जागा करून देत असतं आणि रोजच्या बहुतेक कुरबुरी त्यातूनच येतात. खुर्चीतून झटकन उठताना किंवा शिंकताना जांघेत सुरी फिरल्यासारखी कळ येते, ती गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधांची. शिंक येतेय असं वाटलं की कमरेत किंचित पुढे वाका. रात्री पोटरीत गोळा आला की पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढायचा. पोट मोठं झाल्यावर तिचा हात पंज्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा हे काम त्यानं झोपेतून उठून करायचं: एका हातानं टाच धरायची, दुसऱ्यानं बोटं हळूहळू गुडघ्याकडे दाबायची. गोळा जाऊनही एकाच पोटरीत दुखणं, सूज, गरमपणा आणि लाली राहिली, तर ते रक्ताच्या गुठळीचं लक्षण असू शकतं. ती पोटरी चोळायची नाही, त्याच दिवशी दाखवायची. छातीतली जळजळ जठराच्या तोंडाचा स्नायू सैल पडल्यामुळे होते. त्यासाठी उशा वाढवून उपयोग नाही, त्यानं पोट दुमडतं आणि दाब वाढतो. पलंगाचे डोक्याकडचे पाय साधारण १५ सेंटीमीटर उंच करा आणि जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी आटपा.

बिछान्यातून उठण्याची एक पद्धत आत्तापासून अंगवळणी पाडा. सरळ उताणं असताना मान उचलून उठलं की पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसतो. तिथे दोन बाजूंचे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात आणि असं उठण्यानं त्यांच्यावर आणखी ताण येतो. त्याऐवजी गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि हातांच्या जोरावर बसा. बसल्यावर दहा आकडे मोजून मग उभं राहा. बाळंतपणानंतर, विशेषतः पोटावर टाके असतील तेव्हा, हीच पद्धत सर्वांत कमी दुखवते.

२८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर. उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतं आणि बाळाकडे जाणारा पुरवठा कमी होतो. डावी कूस की उजवी, यावर घरात वाद घालू नका, दोन्ही चालतात. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताणं आहोत असं दिसलं तर फक्त वळायचं. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटाखाली, एक पाठीमागे. पलंग लहान पडतो आणि त्याला काही महिने कडेवर झोपावं लागतं, हेही खरं.

गाडीत सीटबेल्ट सोडायचा नाही. खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर टेकलेला. वरचा पट्टा खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूनं. पट्टा पोटावरून गेला तर धक्क्याच्या वेळी सगळा दाब गर्भाशयावर येतो आणि वार सुटू शकते. ती स्वतः चालवत असेल तर छातीचं हाड आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंटीमीटर अंतर ठेवायचं.

घरात बाळासाठी खोली लावायची हौस असते. शिडीवर तिनं चढायचं नाही, कारण शरीराचा तोल पुढे सरकलेला असतो आणि तो दर आठवड्याला बदलतो. जुना रंग खरवडण्याचं काम तिच्या आसपास करू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. मांजर असेल तर तिच्या शीचा ट्रे त्यानं रोज साफ करायचा. ‘रोज’ हे महत्त्वाचं, कारण त्यातले टॉक्सोप्लाझ्माचे जंतू बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्ग करू शकतात. मांजर कुणाला देऊन टाकायची गरज नाही. कच्चं मांस आणि न तापवलेलं दूध टाळा, कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा (इन्स्टंट कॉफीचे साधारण दोन कप, त्यात चहाही धरायचा), दारू आणि सिगारेट पूर्ण बंद. सिगारेट त्यानंही.

बाळाची हालचाल हा माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा विषय आहे. पहिल्या खेपेला ती साधारण १८ ते २० आठवड्यांदरम्यान जाणवते, आधी बुडबुडा फुटल्यासारखी. वार पुढच्या बाजूला असेल तर उशीच्या आडून कुणी टिचकी मारावी तशी, आणि आणखी उशिरा. बाहेरून त्याच्या हाताला कळायला अजून काही आठवडे जातात, तोवर ‘लाथ मारली!’ म्हणून तिनं हात ओढून नेला तरी काही लागत नाही, दोघांनी धीर धरायचा. २८ आठवड्यांपर्यंत प्रत्येक बाळाची चाल ठरते: कुणी जेवणानंतर नाचतं, कुणी रात्री अंग टेकल्यावर. अमुक तासांत दहाच लाथा हव्यात असा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. ओळखायची असते ती आपल्या बाळाची चाल. ‘नववा लागला की जागा कमी पडते, बाळ शांत होतं’ हे सर्रास सांगितलं जातं आणि ते चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी लोळणं आणि सरकणं जाणवतं, पण हालचाल कमी होत नाही. कमी वाटली तर त्याच वेळी फोन करा. गोड खाऊन, गार पाणी पिऊन तासन्‌तास वाट बघायची नाही, सकाळपर्यंत तर अजिबात नाही. घरी ठोके ऐकायचं यंत्रही आणू नका: आईच्या रक्तवाहिनीचा किंवा वारेचा आवाज बाळाचा समजून लोक घरी थांबतात, आणि नेमका तोच वेळ हातचा जातो.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा, ‘विचार न करता निघायचं’ असं शीर्षक देऊन. त्यावर हे लिहा: हालचाल कमी किंवा बंद. अंगावरून लाल जाणं. ३७ आठवड्यांआधी पाणी (बाळाभोवतीचं गर्भजल) जाणं किंवा नियमित कळा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके किंवा चमक, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप. पुरळ नसताना तळहात-तळपायांना सुटलेली खाज, खास करून रात्री. एका पायाला सूज, छातीत दुखणं, दम लागणं. डोकेदुखी आणि डोळ्यांचा त्रास वाढलेल्या रक्तदाबाकडे बोट दाखवतो. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्याहून वरचा दाब म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. संध्याकाळी पावलं थोडी सुजणं मात्र नेहमीचं आहे. खाज यकृताशी संबंधित असू शकते, तिला कोरडी त्वचा समजून तेल लावत बसू नका.

३४-३५ आठवड्यांपासून पिशवी आणि गाडी. पिशवीचं मी फार लिहीत नाही: फाईल, चार्जर, पुढून उघडणारे सैल कपडे, मोठे पॅड, बाळाचे तीन-चार जोड, दुपटी, लंगोट. भरताना त्यानं भरायची. प्रसूतीच्या खोलीत ‘मोजे कुठे आहेत?’ हे तिला विचारावं लागलं तर पिशवी चुकीच्या माणसानं भरली.

कारसीट मात्र लक्ष देऊन बसवा, कारण ती पहिल्यांदा हातात येते तेव्हा बाळ दवाखान्याच्या दारात रडत असतं. मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. पुढे चालू एअरबॅग असेल तिथे कधीच नाही, ती फुगताना सीटच्या पाठीवर आदळते. गाडीचा पट्टा सीटवर दाखवलेल्या वाटेनं ओवा, एका हातानं सीट खाली दाबून धरा आणि दुसऱ्यानं पट्टा घट्ट ओढा. आता पट्टा ओवला तिथेच सीट धरून डावी-उजवीकडे हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा. वरच्या टोकाशी धरून हलवू नका, तिथे ती थोडी हलणारच. कलता कोन सीटवरच्या खुणेप्रमाणे ठेवा. सीट जास्त उभी राहिली तर नवजात बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि श्वासाची वाट दुमडते. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्यांच्या उंचीवर किंवा किंचित खालून यायला हवेत. बांधल्यावर गळ्याजवळच्या हाडापाशी पट्टा चिमटीत पकडून बघा: चिमटीत आला तर सैल आहे. जाड कपडे घालून बांधलं तर पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्याला कपडा चेपतो आणि पट्टा सुटतो, म्हणून पातळ कपड्यांत बांधा आणि पांघरूण वरून घाला. वापरलेली सीट घेताना तिला अपघात झाला होता का हे खात्रीनं कळत नसेल तर घेऊ नका. टॉवेलची गुंडाळी करून दोघांनीही पाच-पाच वेळा बांधा आणि सोडा. घरी आल्यावर बाळाला त्या सीटमध्ये झोपू द्यायचं नाही.

पाळणा किंवा बाळाचा पलंग बघताना गज एकमेकांपासून ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त लांब नकोत, गादी कडक आणि सपाट हवी, आणि गादी व कडा यांच्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटं जाता कामा नयेत. उशी, लोड, मऊ खेळणी, कडेच्या गाद्या, काही नको. बाळ नेहमी पाठीवर झोपवायचं, पलंग तुमच्याच खोलीत.

आता ती रात्र. खऱ्या-खोट्या कळांतला फरक असा की खोट्या कळा चालल्यावर, पाणी प्यायल्यावर, कूस बदलल्यावर विरतात. खऱ्या कळांचं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो आणि कळ चालू असताना वाक्य पूर्ण करता येत नाही. अंतर मोजताना नेहमी चूक होते. कळ संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजतात, ते बरोबर नाही. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं. २:१० ला सुरू झालेली कळ एक मिनिट टिकली आणि पुढची २:१६ ला आली, तर अंतर ६ मिनिटं, ५ नव्हे. दर ५ मिनिटांनी, प्रत्येकी एक मिनिटाची, असं तासभर चाललं की निघायचं. दवाखाना लांब असेल किंवा डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्याआधी. पहिल्या खेपेला हा सुरुवातीचा टप्पा बारा-पंधरा तास किंवा त्याहून जास्तही चालू शकतो. त्यात तिनं हलकं खावं, झोपावं, अंघोळ करावी. पहिल्याच कळेला घड्याळ घेऊन बसलं तर दोघंही पहाटेपर्यंत दमतात आणि खरं काम त्यानंतर असतं.

पाणी गेलं तर वेळ, रंग आणि वास लिहून ठेवा आणि पॅड लावून फोन करा. स्वच्छ किंवा किंचित गुलाबी असेल तर डॉक्टर सांगतील तसं. हिरवट-तपकिरी असेल तर बाळानं पोटात शी केली आहे, लगेच निघा. पाण्याबरोबर योनीमार्गात नाळ दिसली किंवा हाताला लागली तर तिनं गुडघे आणि छाती जमिनीला टेकून कंबर वर करायची, नाळेला हात लावायचा नाही, आणि त्यानं त्या क्षणी रुग्णवाहिका बोलवायची. हे क्वचित घडतं, पण घडलं तर मिनिटांचा प्रश्न असतो.

कळांमध्ये त्यानं काय करायचं? कंबरेत कळ जास्त असेल तर माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवून, कोपर सरळ करून अंगाच्या वजनानं स्थिर दाबायचं. चोळायचं नाही. कळ संपली की सोडायचं. तिनं ‘अजून जोरात’ म्हटलं तर तसं, ‘हात काढ’ म्हटलं तर लगेच काढायचा. दर कळेनंतर एक घोट पाणी पुढे करायचं, दर तासाला लघवीची आठवण द्यायची, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं. एका टप्प्यावर ती म्हणेल, ‘मला आता जमणार नाही, घरी जाऊ.’ बहुतेकदा हे गर्भाशयाचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडल्याचं लक्षण असतं. तेव्हा समजुती घालू नका. तिच्या डोळ्यांत बघून फक्त पुढच्या एका कळेबद्दल बोला. वेदना कमी करणारं इंजेक्शन तिला हवं असेल तर ते मागणं हे तिचंच ठरवणं, आधी काय ठरलं होतं याची आठवण करून द्यायची नाही.

बाळ जन्मल्यावर दोघांची तब्येत ठीक असेल तर नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधायला सांगा, आणि पहिला तास बाळ तिच्या उघड्या छातीवर. कौतुकाचे फोटो नंतर होतील. सिझेरियन झालं आणि तिला लगेच घेता आलं नाही तर शर्ट काढून बाबानं छातीवर घ्यायचं.

घरी आल्यावर चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, चमचाभर दिसला तरी बाळाचं जठर तेवढंच असतं. दूध पुरतंय का हे रडण्यावरून नव्हे, लंगोटांवरून कळतं: पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळ्या डांबरासारखीपासून हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. वजन आधी थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर दाखवा. तिच्या अंगावरून तासाभरात पूर्ण पॅड भिजत असेल किंवा लिंबापेक्षा मोठ्या गाठी जात असतील तर थेट दवाखाना.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला कारण नसताना रडू येईल. दोन आठवड्यांत ते ओसरतं. ओसरलं नाही, झोपायला वेळ असूनही झोप येत नाही, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही किंवा नको ते विचार येतात, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. तो बाबालाही होतो, फक्त तो बोलत नाही. रात्रीची वाटणी साधी ठेवा: दूध तिचं, बाकी सगळं त्याचं. बाळ उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं. आणि चोवीस तासांत एकदा तरी तिला सलग चार तासांची झोप मिळेल अशी वेळ ठरवून भिंतीवर लिहा. दूध नीट चालू झाल्यावर एखादं काढून ठेवलेलं दूध त्या वेळेसाठी उपयोगी पडतं. लंगोटांची नोंदही त्याच कागदावर करा, पहिल्या तपासणीला डॉक्टर पहिली तीच विचारतात.